एका उपपदाचा अभाव : ठराव क्रमांक २४२ आणि शांततेच्या दोन कल्पना

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी एकमताने संमत केलेला ठराव क्रमांक २४२ राज्यशास्त्राच्या आणि आंतरराष्ट्रीय विधीच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासक्रमात मात्र त्याला सहसा स्थान मिळत नाही. वस्तुतः ज्या वादाने या ठरावाला कीर्ती व अपकीर्ती दोन्ही मिळवून दिल्या, तो वाद अर्थविचाराच्या प्रांतातला आहे. 'व्यापलेल्या प्रदेशांतून' सैन्य मागे घ्यावे, असे ठराव म्हणतो. ते सर्व प्रदेशांतून, की त्यांपैकी काही प्रदेशांतून? इंग्रजी संहितेत ज्या जागी निश्चयवाचक उपपद येऊ शकले असते, त्या जागी ते नाही. या एका अभावावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद झडत आला आहे. हा वाद कसा उत्पन्न झाला, त्याच्या मुळाशी कोणती युद्धनीती आणि शांततेच्या कोणत्या कल्पना होत्या, आणि व्याकरण त्यावर किती प्रकाश टाकू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. युद्ध आणि त्यामागील नीती

१९४९ च्या युद्धबंदी-करारांनी इस्राएल व त्याचे शेजारी यांच्यामध्ये ज्या रेषा आखल्या, त्या राजकीय सीमा नव्हेत असे त्या करारांतच नमूद केलेले होते. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे. या रेषांच्या आत इस्राएलची भूमी काही ठिकाणी अत्यंत चिंचोळी होती. नेतन्या या शहराजवळ समुद्र आणि रेषा यांमधील अंतर सुमारे १५ किलोमीटर भरे. ज्या राष्ट्राला मागे सरकण्यास जागा नाही, ते राष्ट्र युद्ध आपल्या भूमीवर येऊ देत नाही. शत्रूच्या भूमीवर आणि शत्रूच्या आधी ते सुरू करते. हेच इस्राएली युद्धनीतीचे सूत्र होते.

मे १९६७ मध्ये इजिप्तने सिनाईत सैन्य उतरविले, तेथील राष्ट्रसंघाचे सैन्य मागे घेण्याची मागणी केली आणि तिरानची सामुद्रधुनी इस्राएली जहाजांना बंद केली. राष्ट्रसंघाच्या त्या दलाचे सेनापती मेजर जनरल इंदरजित रिखी हे भारतीय होते, आणि दलात भारतीय तुकडीही होती. पुढे लढाई जुंपली तेव्हा गाझामध्ये काही भारतीय सैनिक प्राणास मुकले. ५ जूनच्या सकाळी इस्राएली विमानांनी इजिप्तच्या विमानतळांवर हल्ला करून त्या देशाच्या विमानदलाचा बहुतेक भाग जमिनीवरच नष्ट केला. १० जूनपर्यंत सिनाई द्वीपकल्प, गाझा पट्टी, पूर्व जेरुसलेमसह जॉर्डन नदीचा पश्चिम तीर आणि गोलानचे पठार हे प्रदेश इस्राएलच्या ताब्यात आले. या प्रदेशांचे एकूण क्षेत्र इस्राएलच्या युद्धपूर्व क्षेत्राच्या तिपटीहून अधिक होते. मात्र त्यातील सुमारे नऊ दशांश भाग एकट्या सिनाईचा, म्हणजे विरळ वस्तीच्या वाळवंटाचा होता. हे प्रमाण पुढे महत्त्वाचे ठरते.

२. शांतता म्हणजे काय?

युद्ध संपले तेव्हा शांततेविषयी दोन भिन्न कल्पना परस्परांसमोर उभ्या राहिल्या.

अरब राष्ट्रांच्या दृष्टीने शांतता म्हणजे पूर्वस्थिती. युद्धाने मिळविलेली भूमी युद्ध करणाऱ्याकडे राहू नये, हे तत्त्व १९४५ च्या सनदेनंतरच्या जगाचा पाया आहे. तेव्हा भूमी आधी परत व्हावी आणि इतर प्रश्न नंतर पाहावेत, असा हा विचार होता. इस्राएलच्या दृष्टीने पूर्वस्थिती हीच युद्धाचे कारण होती. तिच्याकडे परतणे म्हणजे पुढील युद्धाची तयारी करणे होय. म्हणून आधी प्रत्यक्ष वाटाघाटी, मान्यता व तह, आणि त्यांतून निष्पन्न होणारी सुरक्षित सीमा, असा त्याचा आग्रह होता. सीमा नेमकी कोठे असावी याविषयी इस्राएलमध्येही एकमत नव्हते. १९ जून १९६७ रोजी तेथील मंत्रिमंडळाने तहाच्या मोबदल्यात इजिप्त व सीरिया यांच्याशी आंतरराष्ट्रीय सीमेच्या आधारे तडजोड करण्याची तयारी दाखविली. पश्चिम तीराचा निर्णय मात्र लांबणीवर टाकला. लगेच पुढच्या महिन्यात यिगाल अॅलन यांनी जॉर्डन नदीचे खोरे संरक्षणासाठी ताब्यात ठेवण्याची योजना मांडली.

सप्टेंबर १९६७ च्या प्रारंभी खार्टूम येथे अरब राष्ट्रप्रमुखांनी तीन नकार जाहीर केले : तह नाही, मान्यता नाही, वाटाघाटी नाहीत. पहिल्या नकारातील अरबी शब्द 'सुल्ह' असा आहे. सलोखा करून वैर कायमचे मिटविणे, हा त्याचा आशय. 'सलाम' हा अधिक व्यापक शांततेचा वाचक शब्द तेथे नाही. त्यामुळे विधिवत 'सुल्ह' नाकारूनही राजकीय तोडग्याला, अरबीत ज्याला 'तसविया' म्हणतात त्याला, वाव ठेवला होता, असे काही भाष्यकारांनी प्रतिपादिले. मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. ज्या अरबी धातूपासून 'सुल्ह' झाला, त्याच धातूपासून आपला 'सल्ला' हा शब्द आला आहे, आणि जुन्या मराठी कागदपत्रांत 'सला' हा शब्द तह या अर्थाने आढळतो. तह, सलूख, समेट आणि शांतता या चार शब्दांत आपणही भेद करतोच.

या दोन कल्पनांखेरीज तिसरी एक कल्पना होती, ती पॅलेस्टिनी जनतेची. परंतु ठरावात तिचे नावही नाही. 'निर्वासितांच्या प्रश्नाची न्याय्य सोडवणूक' एवढाच उल्लेख आहे. उपपदाच्या अभावाची चर्चा करताना या नामाच्या अभावाचा विसर पडू नये.

३. मसुद्यांचा प्रवास

१९६७ मध्ये भारत सुरक्षा समितीचा सदस्य होता. भारत, माली व नायजेरिया यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जो मसुदा मांडला, त्यात 'सर्व' आणि निश्चयवाचक उपपद हे दोन्ही शब्द होते : नुकत्याच झालेल्या संघर्षाच्या परिणामी व्यापलेल्या सर्व प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे. अमेरिकेच्या मसुद्यात दोन्ही नव्हते. ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरॅडन यांनी मांडलेल्या तडजोडीच्या मसुद्यातही ते नव्हते. 'फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट' एवढेच शब्द होते. लक्षात घ्यावे की 'संघर्षा'पूर्वी उपपद आहे आणि 'प्रदेशां'पूर्वी नाही. हा लेखनातील निष्काळजीपणा नव्हता.

मतदानापूर्वी भारताचे प्रतिनिधी गोपालस्वामी पार्थसारथी यांनी, आपण या मसुद्याचा अर्थ सर्व प्रदेशांतून संपूर्ण माघार असाच घेतो, असे 'सर्व' शब्दाचा पुनरुच्चार करून सांगितले. कॅरॅडन यांचे उत्तर असे की प्रत्येक प्रतिनिधी आपापल्या शासनाच्या वतीने बोलतो. बंधनकारक आहे तो ठरावाचा मजकूर. इस्राएलचे परराष्ट्रमंत्री अब्बा एबान यांनीही, ठराव जे म्हणतो ते म्हणतो आणि जे म्हणण्याचे त्याने जाणूनबुजून टाळले ते म्हणत नाही, अशा आशयाची भूमिका घेतली. मग पंधराही सदस्यांनी अनुकूल मत दिले. वाक्य एक, अर्थ दोन आणि मत एक, असा हा प्रसंग होता.

४. व्याकरणाची साक्ष

इंग्रजीत निश्चयवाचक उपपद अनेकवचनी नामापूर्वी आले म्हणजे त्या वर्णनात बसणाऱ्या वस्तूंचा संपूर्ण समुच्चय सूचित होतो, हे रिचर्ड शार्वी यांनी १९८० मध्ये तर्कशुद्ध रीतीने मांडले. तेव्हा उपपद असते तर 'सर्व' हा शब्द नसतानाही अर्थ 'सर्व' असाच झाला असता. परंतु उपपद नाही म्हणून अर्थ 'काही' असा होतो काय? येथेच बहुतेक भाष्यकारांची घाई होते. उपपदरहित अनेकवचन स्वतः 'सर्व'ही सांगत नाही आणि 'काही'ही सांगत नाही, असे ग्रेग कार्लसन यांच्या १९७७ च्या प्रबंधापासून अर्थविचारात मान्य होत आले आहे. अर्थ वाक्याच्या इतर घटकांवरून ठरतो.

मराठीतील उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. 'वाघ मांस खातात' या वाक्यात सारी जात अभिप्रेत आहे. 'रानात वाघ दिसले' यात काही वाघ. नाम तेच आणि उपपदाचा प्रश्नच नाही. क्रियापद बदलले आणि अर्थ बदलला. ठरावातच याचा पुरावा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात या भागातील 'आंतरराष्ट्रीय जलमार्गांतून' संचारस्वातंत्र्याची हमी मागितली आहे. तेथेही इंग्रजीत जलमार्गांपूर्वी उपपद नाही. परंतु काही जलमार्ग खुले आणि काही बंद असा अर्थ कोणी केल्याचे ऐकिवात नाही. एका कलमात उपपदाच्या अभावाला निर्णायक मानायचे आणि दुसऱ्या कलमात त्याची दखलही घ्यायची नाही, हे व्याकरणाला धरून होणार नाही.

दुसऱ्या पक्षाचा आधार फ्रेंच संहिता हा आहे. इंग्रजी आणि फ्रेंच या त्या वेळी समितीच्या कामकाजाच्या भाषा होत्या. फ्रेंचमध्ये 'दे तेरितुआर ऑक्युपे' असे शब्द आहेत. हा 'दे' म्हणजे 'पासून' या अर्थाचे शब्दयोगी अव्यय आणि अनेकवचनी निश्चयवाचक उपपद यांचा संधी होय. अनिश्चित अर्थ हवा असता तर फ्रेंच नियमाप्रमाणे नुसता 'द' आला असता. म्हणजे फ्रेंच संहितेचा स्वाभाविक अर्थ 'त्या प्रदेशांतून' असाच होतो. यावर इस्राएलच्या बाजूचा प्रतिवाद असा की वाटाघाटी झाल्या त्या इंग्रजी मसुद्यावर. फ्रेंच हा अनुवाद होय. या प्रतिवादातही तथ्य आहे. १९६९ च्या व्हिएन्ना संकेताने तहांपुरता असा नियम केला आहे की दोन अधिकृत संहितांत भेद पडल्यास तहाचा हेतू लक्षात घेऊन दोहोंचा मेळ घालणारा अर्थ स्वीकारावा. त्या दृष्टीने पाहता ठरावाच्या प्रास्ताविकाला महत्त्व येते. कारण युद्धाने भूमी संपादन करणे अग्राह्य होय, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. परंतु त्याच ठरावाच्या पुढील पोटकलमात 'सुरक्षित व मान्य सीमा' असेही शब्द आहेत, आणि १९४९ ची रेषा ही मान्य सीमा नव्हती. तात्पर्य, संदर्भाची साक्ष काढावी तर प्रत्येक पक्षाला आपापला साक्षीदार मिळतो.

रशियन भाषेत उपपद नाही, मराठीतही नाही. मग मराठीत या वाक्याचे काय होते? एम. ए. च्या वर्गात अनुवादाच्या तासाला हे वाक्य दिले असता बहुतेक विद्यार्थी 'नुकत्याच झालेल्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून' असेच लिहितात, आणि त्यात काही वादग्रस्त आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. याचे कारण आपल्या भाषेच्या प्रकृतीत आहे. 'राज्यातील नद्यांवर पूल बांधावेत' या वाक्यात प्रत्येक नदीवर पूल अभिप्रेत नाही. परंतु 'पुरात पडलेल्या पुलांची दुरुस्ती करावी' असे म्हटले की पडलेले सर्व पूल डोळ्यांपुढे येतात. भूतकालवाचक धातुसाधित विशेषणाने समुच्चय एका विशिष्ट घटनेशी बांधला गेला की मराठी कान त्याला निश्चित मानतो. अपवाद सांगावयाचा तर 'काही' हा शब्द योजावा लागतो. तथापि ही प्रवृत्ती आहे, नियम नव्हे. तीन पूल दुरुस्त करून 'आज्ञेचे पालन झाले' असे म्हणणाऱ्या कंत्राटदाराला व्याकरण निरुत्तर करू शकत नाही. त्याला निरुत्तर करावयाचे तर 'जे पूल पडले ते' अशी संबंधी आणि दर्शक सर्वनामांची जोडी घालावी लागेल. ही रचना समुच्चय पूर्ण करते आणि पळवाट ठेवत नाही.

म्हणजे मराठी अनुवादकापुढे तीन वाटा आहेत : 'जे प्रदेश व्यापले त्यांतून' ही पहिल्या पक्षाची, 'व्यापलेल्या काही प्रदेशांतून' ही दुसऱ्याची, आणि 'व्यापलेल्या प्रदेशांतून' ही वरकरणी तटस्थ, पण मराठीत ती पहिल्या अर्थाकडे झुकते. मूळ वाक्याचा नेमका तोल मराठीत साधत नाही. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल समाजामुळे मराठी त्या भूमीवरही बोलली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा केवळ वर्गातील व्यायाम नव्हे, हे पटेल.

५. क्रमाचा प्रश्न

उपपदाइतकाच गंभीर वाद अनुक्रमाविषयी झाला. ठरावाच्या पहिल्या कलमात दोन तत्त्वे आहेत : पहिले माघारीचे, दुसरे युद्धस्थितीच्या समाप्तीचे व प्रत्येक राज्याच्या मान्यतेचे. लेखनातील हा क्रम कालाचाही क्रम आहे काय? 'तो आला आणि बसला' या वाक्यात 'आणि'ने कालक्रम सूचित होतो. 'त्याला गणित आणि संस्कृत येते' यात होत नाही. हा कालक्रम 'आणि'च्या अर्थात नसून संभाषणाच्या संकेतांतून सूचित होतो, अशी उपपत्ती पॉल ग्राइस यांच्या विचारातून निघते; आणि योगायोग असा की ती ज्या व्याख्यानांवर आधारली आहे, ती त्यांनी १९६७ मध्येच हार्वर्ड येथे दिली. इजिप्तने यादीत आधी ते काळातही आधी असा अर्थ केला; इस्राएलने दोन्ही तत्त्वे एकाच तहाची अविभाज्य अंगे मानली.

ठराव अमलात आणण्यासाठी नेमलेले राष्ट्रसंघाचे प्रतिनिधी गुन्नार यारिंग हे व्यवसायाने मुत्सद्दी, पण मूळचे भाषाशास्त्रज्ञ होते. पूर्व तुर्की भाषेच्या ध्वनिविचारावर त्यांनी १९३३ मध्ये डॉक्टरेट मिळविली होती, आणि भारतात त्यांनी स्वीडनचे प्रतिनिधित्वही केले होते. क्रमाची कोंडी त्यांनी अचूक ओळखली. ८ फेब्रुवारी १९७१ च्या पत्रात त्यांनी दोन्ही पक्षांकडून एकाच वेळी, समांतर वचने मागितली : इजिप्तने शांततेचा करार करण्याचे, इस्राएलने इजिप्त व ब्रिटिश पॅलेस्टाइन यांच्यामधील जुन्या आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत मागे जाण्याचे. इजिप्तने इस्राएलशी शांततेचा करार करण्याची तयारी दर्शविली. ५ जून १९६७ पूर्वीच्या रेषांपर्यंत आपण मागे जाणार नाही, असे इस्राएलने कळविले. यत्न तेथेच थांबला.

६. पुढे काय झाले?

त्यानंतर शब्दांची जागा पुन्हा शस्त्रांनी घेतली. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्तच्या सैन्याने सुवेझ कालवा ओलांडला. अन्वर सादात यांचे उद्दिष्ट सिनाई जिंकून घेणे हे नव्हते. गोठलेली राजकीय स्थिती हलविण्यापुरते ते मर्यादित युद्ध होते. कालव्याच्या काठची बार-लेव्ह तटबंदी भेदली गेली, आणि भूमीची खोली म्हणजेच सुरक्षितता हे गृहीतक डळमळीत झाले. २२ ऑक्टोबरच्या ठराव क्रमांक ३३८ ने ठराव २४२ च्या अंमलबजावणीची मागणी करताना, वाटाघाटी शस्त्रसंधीबरोबरच सुरू व्हाव्यात असे म्हटले. क्रमाची संदिग्धता त्या एका क्रियाविशेषणाने पुष्कळशी दूर केली.

१७ सप्टेंबर १९७८ चे कॅम्प डेव्हिड येथील समझोते आणि २६ मार्च १९७९ चा तह यांनी सिनाईचा प्रश्न सोडविला. तहाने उपपदाचा वाद मिटविला नाही. त्याने तो अनावश्यक केला. प्रदेशांच्या मोघम नामाऐवजी त्याने विशिष्ट सीमा, नकाशा आणि माघारीचे टप्पे दिले. २५ एप्रिल १९८२ रोजी माघार पूर्ण झाली. एवढे करूनही ताबा या किनाऱ्यावरील छोट्या भागाविषयी सीमास्तंभ कोठे होता हा वाद उरलाच. परंतु तो लवादापुढे नेता आला, २९ सप्टेंबर १९८८ रोजी त्याचा निर्णय झाला आणि मार्च १९८९ मध्ये ताबा इजिप्तला मिळाले. एका स्तंभाच्या जागेवर युद्ध होत नाही. लवाद होऊ शकतो. निश्चित भाषेचे हेच सामर्थ्य आहे.

उलट, त्याच कॅम्प डेव्हिडच्या पॅलेस्टिनी प्रश्नाविषयीच्या भागात संदिग्धता कायम राहिली. 'पॅलेस्टिनी जनता' या शब्दांचा अर्थ मेनाखेम बेगिन 'पॅलेस्टिनी अरब' असा घेतील आणि 'पश्चिम तीर' याचा अर्थ 'जूडिया व समारिया' असा घेतील, याची नोंद अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रात आहे. नामाविषयीच एकमत नसलेला तो भाग प्रत्यक्षात आला नाही. सिनाई परत केल्याने व्यापलेल्या भूमीचा सुमारे नऊ दशांश भाग सोडला, म्हणजे ठरावाचे पालन झाले, असा युक्तिवाद इस्राएलच्या बाजूने केला जाऊ लागला. परंतु वस्ती, पवित्र स्थळे आणि एका जनतेचे भवितव्य उरलेल्या दशांशातच होते. चौरस किलोमीटरांच्या मोजणीने त्याचे माप निघत नाही.

१९८८ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेने ठराव २४२ स्वीकारला. १३ सप्टेंबर १९९३ च्या ओस्लो घोषणेनेही तोच आधार मानला. पुढच्या काळातील कागदांत उपपदाऐवजी तारीख आली : २३ डिसेंबर २०१६ च्या ठराव क्रमांक २३३४ मध्ये '४ जून १९६७ च्या रेषा' असे शब्द आहेत, आणि पक्षांनी वाटाघाटींत मान्य केलेले बदल तेवढे त्यास अपवाद आहेत. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्यापलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्राएलचे वास्तव्य बेकायदेशीर असल्याचे सल्लादायी मत दिले. परंतु तोवर ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्याने आणि त्यानंतर गाझात झालेल्या युद्धाने असंख्य निरपराध माणसांचा बळी घेतला होता.

७. उपसंहार

या विवेचनावरून एका उपपदाने हा संघर्ष निर्माण केला किंवा लांबविला, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ते भाषेला नसलेले सामर्थ्य बहाल करणे होईल. संघर्षाची कारणे भूमीत, भयात आणि इतिहासात आहेत. उपपदाच्या रिकाम्या जागेने एवढेच केले की शांततेच्या दोन परस्परविरोधी कल्पनांना एका वाक्यात शेजारी बसू दिले. मतदानाच्या दिवशी तो लाभच होता. त्यावाचून कदाचित ठरावच झाला नसता. परंतु संदिग्ध वाक्य हे ऋणासारखे असते. सिनाईपुरते ते नकाशा आणि तारखा यांनी फेडले गेले. जेथे फेडले गेले नाही, तेथे प्रत्येक पक्षाने आपला अर्थ वाक्यातून न काढता भूमीवर उतरविण्याचा यत्न केला.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे दुहेरी धडा आहे. वाक्याने न दिलेला निर्णय व्याकरणाच्या नावाने देऊ नये. आणि वाक्यात जेथे निर्णय टाळला आहे, ती जागा मात्र निःसंकोच दाखवावी. कॅरॅडन यांच्या वाक्याचा अर्थ 'सर्व' की 'काही', याचे उत्तर व्याकरण देत नाही. त्या वाक्याचे मराठीत भाषांतर करणाऱ्याने ते देण्याचा अधिकार आपल्याकडे घेऊ नये. मराठीचा झुकाव वाचकाच्या निदर्शनास आणून द्यावा, एवढेच त्याचे कर्तव्य होय.